बेचाळिसाव्या वर्षी पीटीए (फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट) करावं का? (न्यू जर्सी, कम्युनिटी कॉलेज)

कढीपत्ता

नमस्कार मंडळी. मध्य न्यू जर्सीत राहते, वय ४२, पुण्यातून मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी. लग्न होऊन इकडे आले, मग एच-४ (नवऱ्यावर अवलंबून असलेला व्हिसा), मग मुलं, मग कोविड. बारा वर्षं घरीच गेली. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं आणि आता "पुढे काय?" हे मलाच कुरतडतंय. जो भेटतो तो म्हणतो टेस्टिंग शीक, डेटा शीक. मला दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं नाहीये.

सासरे आमच्याकडेच असतात. त्यांचा गुडघा बदलला तेव्हा पहिल्या दिवशी फिजिकल थेरपिस्ट येऊन सगळं तपासून गेली, आणि पुढे दर खेपेला एक मुलगा यायचा. आम्ही त्यालाही डॉक्टरच समजत होतो. तो पीटीए म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट निघाला. सासरे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण त्या पोराने त्यांना तीन आठवड्यांत जिना चढवला. त्याच्याशी बोलताना कळलं की कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स आहे.

आमच्या काउंटीच्या कॉलेजात हा कोर्स नाही, मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजात आहे. कुणी केलाय का? भारतातली डिग्री कुठे उपयोगी पडते का? या वयात शरीर साथ देईल का? आणि पोटापुरता पैसा आहे का त्यात? अजून एक, नणंदेची मुलगी नाशिकला बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) करतेय. तीही विचारतेय की पीटीए करून अमेरिकेत लवकर शिरता येईल का.

पावशेर

एमएस्सी होऊन असिस्टंट? ताई, त्यापेक्षा क्लिनिकल रिसर्चमध्ये बघा.

निवडुंग

पावशेर, त्या असिस्टंटने सासऱ्यांना जिना चढवला, हे वाचलंत ना?

कढीपत्ता, मी सात वर्षं पीटीए आहे, त्यातली पाच नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्ध-आजारी लोकांचं शुश्रूषाकेंद्र) काढली. पावशेरांचा सूर मला आवडला नाही, पण मुद्दा टाळण्यासारखा नाही, म्हणून आधी तोच घेते. पेशंटला पहिल्यांदा तपासणं, उपचारांचा आराखडा ठरवणं, ध्येयं बदलणं, "आता थेरपी पुरे" म्हणणं हे सगळं पीटीचं, म्हणजे फिजिकल थेरपिस्टचं काम. त्या आराखड्याच्या आत राहून रोजचे उपचार आपण करायचे. आज वजन वाढवायचं की कमी करायचं, वॉकर सोडून काठीवर आणायचं का, आज रक्तदाब बरा नाही म्हणून थांबायचं का, असे निर्णय दिवसातून पन्नास वेळा घ्यावे लागतात. त्यामुळे डोकं लागतं, फक्त शेवटची सही आपली नसते. तुमची पीटी २६ वर्षांची असू शकते. आता पीटी व्हायला डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) लागते, म्हणजे पदवीनंतर आणखी साधारण तीन वर्षं आणि डोंगराएवढं कर्ज. तिच्याकडून "हे करू नका" ऐकून घेताना पोटात दुखणार असेल तर या वाटेला जाऊ नका. मला पहिलं वर्ष दुखलं. मग एका स्ट्रोकच्या आजोबांना पॅरलल बारमध्ये उभं केलं आणि ते रडायला लागले, तेव्हापासून सहीचं काही वाटत नाही.

पैसा. सरकारी आकडेवारीत २०२४ चं मध्यम वेतन वर्षाला ६५ हजार डॉलरच्या आसपास आहे. दोन वर्षांच्या पदवीला हे वाईट नाही. पण इथेच कमाल पातळी येते, पंधरा वर्षांनी दुप्पट वगैरे होत नाही. दुसरं असं की १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) पार्ट बीमध्ये पीटीएने दिलेल्या उपचाराला पीटीच्या ८५ टक्केच पैसे मिळतात. त्यामुळे काही लहान क्लिनिकं हिशोब करून पीटीच ठेवतात. आणि नर्सिंग होमची बिलं करायची पद्धत ऑक्टोबर २०१९ मध्ये बदलली, तोवर थेरपीची मिनिटं मोजून पैसे मिळायचे, नंतर ते बंद झालं. मी तेव्हा जिथे होते तिथे एका आठवड्यात माझे तास चाळीसवरून चोवीसवर आणले. वर पुन्हा ९० टक्के प्रॉडक्टिव्हिटी हवी, म्हणजे आठ तासांतले सव्वासात तास पेशंटच्या अंगाला हात लावलेला पाहिजे. नोट्स कधी लिहायच्या? पेशंट सायकल मारत असताना, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून. आता मी घरोघरी जाते, खूप बरं आहे, फक्त गाडीचा खुर्दा होतो.

साखरांबा

मी सध्या शिकतेय, व्हर्जिनियात, तिसरं सेमिस्टर, वय ३९. वर्गात माझ्याहून मोठे दोघं आहेत, एक तर निवृत्त फायरमन. वयाची काळजी सोडा.

डिग्रीचं सांगते. मार्कशीटचं मूल्यांकन करून घ्या, इंग्लिश सोडून बरेचसे सामान्य विषय माफ होतात. पण अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग लॅबसकट नव्याने करावे लागतील असं धरून चाला. बहुतेक कॉलेजं विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांहून जुने असले तर घेत नाहीत. मला आधी राग आला होता, बायॉलॉजी मीच पोरांना शिकवत होते! पण २०६ हाडं आणि स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणत्या नर्व्हवर चालतो हे घोकताना कळलं की ते बरंच झालं. प्रवेशाला चुरस असते म्हणून त्यात ए मिळवा.

लॅबबद्दल आधीच सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं एकमेकांवरच शिकायचं असतं. शॉर्ट्स आणि पाठ उघडी राहील असा टॉप घालून टेबलावर झोपायचं, आणि वर्गातला एकवीस वर्षांचा मुलगा तुमच्या मांडीवर गोनिओमीटर लावून गुडघा किती अंश वाकतो ते मोजणार. पहिल्या दिवशी मी घरून लेगिंग्ज घालून गेले, बाईंनी परत पाठवलं. चादर कशी पांघरायची यालाही मार्क असतात आणि कुणी अचकटविचकट वागत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मला माझं पोट दिसतं याची आठवणसुद्धा राहिली नाही. नवऱ्याला मात्र आधीच सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं.

प्रात्यक्षिक परीक्षेत सुरक्षेची एक चूक म्हणजे नापास. मी पेशंटला व्हीलचेअरमधून पलंगावर हलवायचं सगळं सुंदर केलं, कमरेचा पट्टा बांधला, पाय नीट ठेवले, तीन म्हणता उचललं. डाव्या चाकाचा ब्रेक लावायचा राहिला होता. संपलं. पुन्हा द्यावी लागली.

आणि हे खास आपल्या लोकांसाठी: क्लिनिकलला (प्रत्यक्ष पेशंटवरच्या सरावाला) जाण्याआधी टीबीची चाचणी मागतात. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण, त्यामुळे कातडीवरची चाचणी पॉझिटिव्ह यायची शक्यता असते आणि मग एक्स-रे वगैरे मागे लागतं. सरळ रक्ताची चाचणी चालेल का विचारा. हेपेटायटिस बीची मालिका सहा महिन्यांची असते, ती लौकर सुरू करा.

बापू_ह्यूस्टन

मी पेशंट म्हणून बोलतो. खांद्याच्या ऑपरेशननंतर चार महिने थेरपी झाली. पीटीचं नाव विसरलो, पीटीए बाईंचं नाही विसरणार. आमच्या हिला म्हणालो, या बाईने मला इतकं रडवलंय की माहेरची वाटते.

कढीपत्ता

बापू 😂

निवडुंगताई, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, आभार. सहीचा मुद्दा दोन दिवस डोक्यात घोळतोय. खरं सांगायचं तर बारा वर्षं घरात कशावरच माझी सही नव्हती, त्यामुळे तेवढं पचेल असं वाटतंय. पाठीची भीती आहे. आणि क्लिनिकलचे पैसे मिळतात का?

निवडुंग

नाही मिळत. पूर्णवेळ, आठवड्याला चाळीस तास, फुकट. सगळे टप्पे मिळून साधारण चार महिने होतात. शेवटच्या टप्प्यात घरचं रेशन, शाळेची ने-आण सगळं दुसऱ्या कुणी बघावं लागतं. त्याची बोलणी आत्ताच करून घ्या, तेव्हा नको.

पाठ तंत्राने वाचते, ताकदीने नाही. जड पेशंटला एकटीने उचलायचं नाही, दुसरं माणूस किंवा लिफ्ट मागायची. माझी पाठ एकदाच गेली, घाईत, "एवढंच तर आहे" म्हणून.

आता महत्त्वाचं. कोर्सला कॅप्टीची (असे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे ना हे पाहा, त्याशिवाय परवाना परीक्षेला बसता येत नाही. मग निकाल पाहा, ते कॉलेजच्या वेबसाइटवर द्यावेच लागतात. कॅप्टीची अट आहे की दोन वर्षांच्या सरासरीत किमान ६० टक्के विद्यार्थी कोर्स पुरा करणारे हवेत आणि परवाना परीक्षा अखेरीस पास होणारे ८५ टक्के हवेत. लोक फक्त पास होणाऱ्यांचा आकडा बघतात. मी म्हणेन आधी पुरा करणाऱ्यांचा बघा. शंभर टक्के पास आणि अर्धा वर्ग वाटेतच गळाला, असं असेल तर ती कसली कौतुकाची गोष्ट?

परीक्षा वर्षातून चारच वेळा असते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. गुण २०० ते ८०० या मापावर, ६०० ला पास. आयुष्यात सहाच संधी मिळतात, त्यामुळे "बघू या देऊन" म्हणून बसू नका.

गोदाकाठ

नणंदेच्या मुलीसाठी लिहितो. मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचाच बीपीटीएच, आता इकडे पीटी आहे. तिला सांगा, पीटीए ही तिच्यासाठी उलटी वाट आहे. पीटीएला दोन वर्षांची पदवी पुरते, त्यामुळे त्या नोकरीवर एच-१बी (नोकरीचा व्हिसा) मिळत नाही. पीटीला मिळतो, शिवाय ग्रीन कार्डसाठी नर्स आणि पीटी हे दोन व्यवसाय शेड्यूल ए मध्ये आहेत, म्हणजे मालकाला लेबर सर्टिफिकेशनची (इथलं माणूस मिळत नाही हे दाखवायची) लांबलचक पायरी चढावी लागत नाही. रांग मात्र भारतीयांना चुकत नाही, त्या भ्रमात राहू नका.

तिने बीपीटीएच पूर्ण करावं, इंटर्नशिपसकट. मग एफसीसीपीटीकडून (परदेशी फिजिओथेरपी शिक्षण तपासणारी संस्था) शिक्षणाचं मूल्यांकन. आपला अभ्यासक्रम इथल्या डीपीटीशी ताडून पाहतात, जिथे कमी पडेल ते विषय भरून काढावे लागतात, बहुतेकांना लागतातच. इंग्रजीची परीक्षा असते. मग पीटीची परवाना परीक्षा. मला सगळं मिळून पावणेतीन वर्षं लागली. एक सल्ला फुकट: कॉलेज सोडण्याआधी प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम तासांसकट, शिक्का मारून घेऊन ठेवायला सांगा. नंतर त्या एका कागदासाठी माझ्या वडिलांनी अकरा फेऱ्या मारल्या.

पावशेर

मी शब्द मागे घेतो. ताई, तरी आधी एखाद्या क्लिनिकमध्ये एड (मदतनीस) म्हणून दोन महिने काढा. लायसन्स लागत नाही. टेबलं पुसायची, बर्फाच्या पिशव्या भरायच्या, पण काम जवळून दिसेल.

साखरांबा

हे पटलं. नाहीतरी बऱ्याच कॉलेजांना निरीक्षणाचे तास लागतात. फक्त एकाच ठिकाणी करू नका. खेळाडूंचं क्लिनिक बघून ज्या मुली आल्या त्यांना नर्सिंग होममध्ये पहिल्याच दिवशी घेरी आली. वास, डायपर, विसराळू आजोबा हेही याच कामाचा भाग आहेत.

कढीपत्ता

पाच आठवड्यांनी लिहितेय. एका बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये बारा तास आणि एका नर्सिंग होममध्ये दहा तास बसून आले. दुसरंच जास्त आवडलं, हे मलाच नवल. तिथे एक सांगलीच्या आजी होत्या, वॉकर घेऊन चार पावलं टाकायलाही तयार नाहीत. पीटीए दमली. मी नुसती निरीक्षक, हात लावायचा नाही, पण मराठीत विचारलं, "आजी, दारापर्यंत येता का?" तर म्हणाल्या, "दारात काय आहे?" मी म्हटलं, ऊन आहे. आल्या.

चार्जबॅकबद्दल विचारून आले. आपल्या काउंटीच्या कॉलेजात कोर्स नसेल तर दुसऱ्या काउंटीत तिथल्या रहिवाशांच्या दराने फी भरता येते, त्यासाठी फॉर्म भरावा लागतो. न्यू जर्सीतल्या कुणाला माहीत नसेल तर म्हणून लिहिलं. या फॉलमध्ये अॅनाटॉमी-१ घेतेय, संध्याकाळची. अॅनाटॉमीचं जुनं पुस्तक कुणाकडे आहे का? नवीन फार महाग आहे.

निवडुंग

माझ्याकडे आहे, एडिसनला येऊन घेऊन जा. ब्रेकियल प्लेक्ससच्या पानावर आमटी सांडलीय, तेवढं चालवून घ्या.