मदत हवी आहे: सोडियम इलेक्ट्रॉन 'देतो' म्हणतात, मग तो काढायला ऊर्जा का लागते?

नमस्कार. मुलगा नववीत आहे, त्याच्याबरोबर मीही रसायनशास्त्र पुन्हा वाचतेय. अणूच्या रचनेपर्यंत गाडी नीट चालली. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडायचे, बाहेरच्या कवचातला तो एकटा म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. क्लोरीनचे १७, म्हणून २, ८, ७. सोडियम एक देतो, क्लोरीन एक घेतो, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण.

इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडियमवर धन प्रभार कसा येतो, हे त्याला आधी उलटंच वाटायचं. गेला म्हणजे वजा व्हायला हवं ना! मग वहीत प्रोटॉनांसाठी ११ अधिकची आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांसाठी १० उण्याची चिन्हं काढायला लावली. एकेक जोडी खोडत गेला, शेवटी एक अधिक उरलं. तेव्हा पटलं.

अडलं त्याच्या पुढे. एका तक्त्यात त्याला दिसलं की सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरलेली, प्रचंड मोठी संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. तो म्हणतो, "सोडियमला तो नकोच असतो ना? मग हिसकावून का घ्यावा लागतो?" मला उत्तर देता आलं नाही, आणि 'पुढच्या वर्षी कळेल' म्हणून त्याला गप्प करायचं नाहीये.

माझीही एक शंका आहे. मॅग्नेशियम एकच इलेक्ट्रॉन देऊन का थांबत नाही?

प्रतिसाद १

अष्टक पूर्ण झालं की अणू स्थिर होतो, म्हणून देतो.

धागाकर्ती

आभार, पण पुस्तकातही एवढंच आहे. स्थिर होणार असेल तर ऊर्जा बाहेर पडायला हवी, लागायला नको. घोळ तिथेच आहे.

प्रतिसाद २

ताई, मुलाची शंका अगदी रास्त आहे. 'सोडियमला इलेक्ट्रॉन नको असतो' हे वाक्यच सोडून द्या. केंद्रकातले ११ प्रोटॉन त्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनलाही ओढून धरतात. मधल्या दहा इलेक्ट्रॉनांमुळे ती ओढ बरीच झाकली जाते, त्यामुळे पकड सैल असते, पण असते. सोडियमचा सुटा अणू एकटाच ठेवला तर तो आपणहून काहीही देणार नाही.

आता हिशेब मांडू, सगळे आकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये. इलेक्ट्रॉन काढायचा खर्च ४९६. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे दोघांची अष्टकं पूर्ण झाली तरी व्यवहार १४७ ने तोट्यातच! हे मुलाला आवर्जून दाखवा, कारण खरी गंमत इथून पुढे आहे.

धन आणि ऋण आयन, म्हणजे प्रभार आलेले अणू, एकमेकांकडे खेचले जातात आणि मिठाचा स्फटिक रचला जातो. त्यात प्रत्येक सोडियम आयनाला लागून सहा क्लोराइड आयन, आणि प्रत्येक क्लोराइडला लागून सहा सोडियम. सुटे आयन असे रचले जाताना ७८७ बाहेर पडतात. घन सोडियममधून अणू सुटे करायला १०७ आणि क्लोरीनच्या रेणूतून अणू सोडवायला १२२ लागतात. तेही धरले तरी शेवटी ४११ शिल्लक राहतात. सगळा खर्च फेडलाय तो विद्युत आकर्षणाने. अष्टकावरून फक्त कुठे थांबायचं ते कळतं.

मॅग्नेशियमचं उत्तर याच हिशेबात आहे. त्याची मांडणी २, ८, २. पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७३८, दुसरा १४५१. दुसरा महाग आहेच, पण आयनावरचा प्रभार दुप्पट झाला की स्फटिकातली ओढ इतकी वाढते की तो खर्च भरून वर उरतं. तिसऱ्याला मात्र ७७३३ लागतात. तो आतल्या भरलेल्या कवचातला, केंद्रकाला जवळचा, आणि आता मध्ये आड येणारेही कमी. तो खर्च फिटत नाही, म्हणून मॅग्नेशियम दोनवर थांबतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! काल रात्री आम्ही दोघांनी वहीत हा जमाखर्च मांडला. त्याने बेरीज-वजाबाकी स्वतः केली, ४११ आलं तेव्हा पुन्हा एकदा करून पाहिली. लगेच पुढचा प्रश्नही आला: लोखंडाचे आयन दोन प्रकारचे कसे? दोन प्रभाराचा आणि तीनचाही?

प्रतिसाद २

लोखंडाची मांडणी २, ८, १४, २. बाहेरचे दोन आधी जातात. पण त्याच्या आतलं १४ चं कवच सोडियम-मॅग्नेशियमच्या आठासारखं घट्ट नसतं, त्यातला एक इलेक्ट्रॉन तसा आवाक्यात असतो. त्यामुळे समोर कोणतं मूलद्रव्य आहे आणि परिस्थिती काय आहे, यावर दोन की तीन हे ठरतं. लोखंडाचा तिसरा इलेक्ट्रॉन काढायला २९५७ लागतात. मुलाला हा आकडा मॅग्नेशियमच्या ७७३३ शेजारी लिहायला सांगा.