गुझमानिया ब्रोमेलियाडची कुंडी कधी आणि कशी बदलावी? बुडाशी पिल्लंही आली आहेत

पूर्वगॅलरी
ठिकाण पुणे, चौथा मजला, पूर्वेची गॅलरी. झाड गुझमानिया, अननसाच्या कुळातलं (ब्रोमेलियाड), लाल तुऱ्याचं. नर्सरीतून आणल्यापासून १४ महिने त्याच ४ इंची प्लास्टिकच्या कुंडीत आहे. तुरा तपकिरी पडत चाललाय, सगळ्यात खालची तीन पानं पिवळी झालीत आणि हात लावला की झाड डुगडुगतं. बुडाशी दोन पिल्लं आहेत, एक वीतभर, दुसरं बोटाएवढं. कोकोपीटवर हिरवट थर आलाय. पाणी बोअरचं, एक दिवसाआड कुंडीत घालते, पानांच्या मधल्या वाटीतही असतं.

फेब्रुवारी संपत आलाय, तर आत्ता बदलू की पाऊस सुरू झाल्यावर? ८ इंची मातीची कुंडी आणि लाल माती-शेणखत-कोकोपीटचं तयार मिश्रण घरात आहे, ते चालेल का? आणि पिल्लं आत्ताच वेगळी करायची का?

सोडणकोळसा
८ इंची कुंडीत दुसरं काहीतरी लावा. गुझमानिया मूळची जंगलात फांदीवर बसून वाढणारी. मुळांचं मुख्य काम फांदी घट्ट धरायचं, पाणी आणि अन्न बरंचसं पानांच्या वाटीतून घेतलं जातं. म्हणून मुळांचा पसारा लहान. मोठ्या कुंडीतली ओल प्यायला कोणी नसतं, ती साचते आणि बूड कुजतं. एका झाडाला ४ ते ५ इंच पुरतात. पिल्लांसकट झुबका ठेवायचा असेल तर ६.

हे झाड कुंडीत मावेनासं झालं म्हणून सहसा बदलावं लागत नाही. कोकोपीट कुजून त्याचा चिखल झाला, झाड डुगडुगायला लागलं किंवा पिल्लं वेगळी करायची असली की बदलायचं. तुमच्याकडे तिन्ही कारणं हजर आहेत, तेव्हा आत्ताच बदला. पुण्यात फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्य हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळं हलत नाहीत आणि मे महिन्याच्या झळा नव्या लागवडीला सोसत नाहीत.

शेणखताचं मिश्रण नको. त्यातली माती बसते, हवा कोंडते. त्याऐवजी नारळाच्या सोडणाचे नखाएवढे तुकडे (कोको चिप्स) २ भाग, कोकोपीट १ भाग, परलाईट (पांढरे, हलके खनिज दाणे) १ भाग, लोणारी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे अर्धा भाग. ५ इंची कुंडीला साधारण १ लिटर लागतं. चिप्स आणि कोकोपीट रात्रभर भिजवून तीनदा धुवून पिळा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, त्यात क्षार असतात आणि ते पानांची टोकं जाळतात. भरलेल्या कुंडीत पेलाभर पाणी ओतून बघा, लगेच खालून निथळायला हवं. वर डबकं राहिलं तर चिप्स वाढवा.

आता काढायचं कसं. आधी झाड आडवं करून वाटीतलं पाणी ओतून टाका, नाहीतर काढताना सगळं कोकोपीटमध्ये सांडतं. कुंडी बाजूंनी दाबा, झाड बुडाशी धरा, पानांना धरून ओढू नका. जुनं कोकोपीट बोटांनी सोडवा, मुळांत अडकलेलं पाण्याखाली धुवा. पिवळं पान कात्रीने कापलं तर खुंट राहतो आणि तोच कुजतो. पान टोकापासून मधोमध उभं फाडा आणि दोन्ही भाग विरुद्ध बाजूंना ओढा, बुडापासून स्वच्छ निघतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती खोलीची. झाड डुगडुगतं म्हणून लोक ते खोल गाडतात. खालच्या पानांचा जोड मिश्रणाच्या वर दिसलाच पाहिजे. आधारासाठी खराट्याच्या तीन काड्या भोवती खोचून सुती चिंधीने सैल बांधा. तांब्याची तार अजिबात वापरू नका, या कुळाला तांबं सोसत नाही. बुरशीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण ही तांब्याची औषधं मारली तर अख्खं झाड जाऊ शकतं.

पानवाटी
पिल्लांबद्दल. आईच्या उंचीच्या निम्मं पिल्लू झालं की ते एकटं जगू शकतं. वीतभर असलेलं चालेल, बोटाएवढ्याला हात लावू नका. याच कुळातल्या निओरेगेलियाची पिल्लं लांब दांड्यावर येतात, कापायला सोपी. गुझमानियाची आईच्या पानांच्या बेचक्यात चिकटून येतात, म्हणून आधी त्या बाजूची आईची दोन-तीन पानं वर सांगितल्याप्रमाणे सोलून काढा. मग पिल्लू जिथे निमुळतं होऊन आईला जोडलेलं असतं ती जागा दिसते. स्पिरिटने पुसलेली पातळ सुरी आईच्या अंगाला लावून खाली न्या. पिल्लाखाली लाकडासारखा कठीण टाचेचा भाग यायलाच हवा. वर कापलंत तर हातात सुटी पानं येतात, पिल्लू राहत नाही.

काप एक दिवस सावलीत सुकवा. ३ ते ४ इंची कुंडीत, तेच मिश्रण, टाच जेमतेम झाकेल इतपत. मुळं नसली तरी घाबरू नका. वाटीत बोटभर पाणी, मिश्रण फक्त दमट. चार ते सहा आठवड्यांनी हळूच ओढून बघा, अडलं म्हणजे मुळं धरली.

कुंडीबदल
पहिल्या प्रतिसादातल्या मिश्रणाला हजार मोदक, पण फेब्रुवारीत पिल्लू कापण्याला माझा विरोध. पुढे तीन महिने पुण्यात कोरडी हवा, बिनमुळांचं पिल्लू सुरकुततं. आत्ता झाड पिल्लांसकट ५ इंची कुंडीत हलवा. पिल्लू जूनमध्ये, छपराखाली, पावसाच्या दमट हवेत कापा. आईकडून तोवर त्याला पोसणं मिळतं, वाढही जोरात होते. आईचं बूडच कुजलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि बोअरचं पाणी बंद करा. वाटीत ते आटत जातं आणि क्षार पानांवर पांढऱ्या कड्यांसारखे बसतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं वापरा. कुंडीत एक दिवसाआड पाणी हेच पिवळेपणाचं कारण असणार. वरचा इंचभर थर सुकला की घाला. वाटीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी ओतून ताजं भरा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, तो हिशेब पाळला की डासही नाहीत आणि पालिकेची नोटीसही नाही.

पूर्वगॅलरी
सगळ्यांचे आभार. झाड काढलं. मुळं गडद तपकिरी, तारेसारखी आहेत. म्हणजे मेलीच ना? बुडाला एका बाजूला मऊ लागतंय, मधली पानं मात्र घट्ट आहेत.

सोडणकोळसा
तपकिरी आणि तारेसारखी हीच या झाडाची निरोगी मुळं, कापू नका. चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहिला तर ते मूळ कुजलंय, तेवढंच काढा. मऊ भाग पांढरं-हिरवट कठीण खोड लागेपर्यंत सुरीने खरवडा, मँकोझेब या बुरशीनाशकाची पूड चोळा, दोन दिवस उघडं सुकू द्या, मग लावा. दर आठवड्याला मधलं पान हळूच ओढून बघत जा. हातात आलं आणि बुडाशी आंबूस वास असला तर गाभा गेला, त्या दिवशी मोठं पिल्लू कापा, जूनची वाट बघू नका.

पानवाटी
यावर कुंडीबदल यांच्याशी माझाही वाद नाही. बूड टिकलं तर जूनपर्यंत थांबा.

तुरा पूर्ण वाळला की दांडा जितका आतून जमेल तितका कापा. त्याच झाडाला पुन्हा फूल येत नाही, पण वर्ष-दीड वर्ष ते पिल्लं देत राहतं. खत दीड महिना नको. नंतर १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, मिश्रणात. वाटीत नको.

पूर्वगॅलरी
शेवटचा प्रश्न. ५ इंची प्लास्टिकची कुंडी वाऱ्याने कलंडते. तळाला खडी भरू?

सोडणकोळसा
खडीने मिश्रणाची जागा जाते आणि ओल वर सरकते. तुमची ती ८ इंची मातीची कुंडी आता कामाला आली. तळाशी विटेचा तुकडा ठेवा आणि प्लास्टिकची कुंडी तशीच तिच्या आत बसवा. मधल्या फटीत काही भरू नका.