'कमाल उंची' की 'कमान उंची'?

'मॅक्स हेडरूम' ही अमेरिकी मालिका (१९८७-८८) बघतोय. वाहिन्यांचंच राज्य, टीव्ही बंद करायचं बटण ठेवणंसुद्धा गुन्हा, असं तिचं जग. बातमीदार एडिसन कार्टर मोटरसायकलवरून पळताना पार्किंगच्या आडव्या दांड्याला धडकतो. शुद्ध हरपण्याआधी दांड्यावरची पाटी दिसते, 'मॅक्स. हेडरूम २.३ मी.' पुढे त्याच्या मेंदूवरून संगणकात एक बोलका चेहरा तयार होतो आणि त्याच्या तोंडी तेच शब्द येतात. तेच त्याचं नाव.

हे नाव मराठीत कसं आणाल? पाटीपुरतं 'कमाल उंची' बरोबर. पण परवा सोलापुरात रेल्वेपुलाअलीकडच्या लोखंडी कमानीपाशी चादरींच्या गाठी भरलेला टेम्पो थांबला होता. क्लीनर वर चढून गाठीवर हात ठेवून अंदाज घेत होता आणि ड्रायव्हर खालून ओरडत होता, "कमान उंची किती लिहिलीय बघ की!" पाटीवर 'कमाल' होतं, तो 'कमान' म्हणत होता. आधी मला चूक वाटली. पण 'कमाल उंची' हे वाहनाचं माप झालं. हेडरूम म्हणजे कमानीखाली मिळणारी मोकळी जागा. म्हणजे ड्रायव्हरचाच शब्द मूळ अर्थाच्या जास्त जवळ जातो.

प्रतिसाद १: पाटीसाठी पटलं. पण नावातून 'कमाल' घालवू नका. मूळ अरबी, अर्थ पूर्णत्व. मराठेशाहीच्या महसुलात 'कमाल आकार' म्हणजे गावाचा पूर्ण सारा. 'कमाल केलीस' मधला अचंबाही त्यातूनच आला. शिवाय मॅक्स हे जसं तिकडे माणसाचं नाव, तसं कमाल आपल्याकडे. कबीराचा मुलगा कमाल कीर्तनात ऐकलाय ना?

मूळ लेखक: हे डोक्यातच आलं नव्हतं! मग 'कमाल' पक्कं. आता अडतंय ते 'हेड'. हे पात्र पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसतं, नुसतं डोकं बोलतं. 'उंची' म्हटलं की ते डोकं गेलं. 'कमाल डोई' कसं वाटतं? आमच्याकडे पाण्याची घागर अजून डोईवरच येते, डोक्यावर नाही.

प्रतिसाद २: डोई घेताच आहात तर आडनावच घ्या. डोईफोडे हे आपल्यातलं खरंखुरं आडनाव आहे, आणि बिचाऱ्या कार्टरचं डोकं त्या दांड्यावरच आपटलं. कमाल डोईफोडे.

मूळ लेखक: हेच लिहितो.