मदत हवी आहे: एकटीने सायकल आणि तंबू, करंजा ते जयगड

मंडळी, मी नेरुळची. डिसेंबरात एकटीने किनाऱ्याने जयगडपर्यंत सायकल न्यायची आहे. उरणला करंजाहून बोटीने रेवस, पुढे अलिबाग, मुरूड. मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी. रस्ता ठरलाय, अडलंय ते मुक्कामाचं. पुळणीवर तंबू नकोच वाटतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी बरंच वर चढतं, शिवाय वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री उजेड करणं बरोबर नाही. कुणाच्या वाडीत किंवा देवळाच्या आवारात विचारून राहिलंय का कुणी? एकट्या बाईने गावात आधी कुणाला भेटावं, सरपंचांना की पोलीस पाटलांना? केळशी-आंजर्ले भागातला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.