लाकडी कोरीवकामासाठी पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

नौपाडाकर: नमस्कार. दोन महिन्यांपासून घरी सागाच्या फळीवर फुलांची नक्षी कोरत आहे. पाकळीची एक बाजू स्वच्छ उतरते, दुसऱ्या बाजूचे मात्र टवके उडतात. ठाण्यात शिकवणारे कोणी अजून भेटले नाही, त्यामुळे सारी भिस्त पुस्तकावरच आहे. पॉल हॅस्लक यांचे १९११ मधील इंग्रजी पुस्तक पुनर्मुद्रित रूपात मिळते. ते घ्यावे, की नवे, रंगीत छायाचित्रांचे?

पटाशी: टवके उडतात ते हत्यार लाकडाच्या तंतूंविरुद्ध चालल्यामुळे. गोल पाकळीभोवती जाताना कापण्याची दिशा मध्येच बदलावी लागते, आणि नेमक्या कोणत्या जागी बदलायची हे बाणांनिशी दाखवणारे पुस्तकच नवशिक्याच्या कामाचे. दुकानात आधी धार लावण्याचे प्रकरण उघडावे. धारेचा उतार किती अंशांचा ठेवायचा (साधारण २० ते २५), गोल पटाशी दगडावर कशी फिरवायची, घासताना आतल्या बाजूला निघालेली धातूची बारीक कड कशी काढायची आणि शेवटी चामड्यावर कशी ओढायची, हे सारे दोन पानांत उरकले असेल, तर नमुने कितीही सुंदर असले तरी ते पुस्तक परत ठेवावे. हॅस्लक यांच्या पुस्तकातील रेखाचित्रे मला फार मोलाची वाटतात, पण जुन्या छपाईतील छायाचित्रांतून हाताची ठेवण नीट उमगत नाही. म्हणून ते दुसरे पुस्तक म्हणून घ्यावे.

वाशीचा सुतार: सहमत आहे. पटाशांचे आकडे, म्हणजे पात्याचा बाक किती हे सांगणारे क्रमांक, समजावणारे प्रकरणही पाहावे. इंग्लंडमधील शेफिल्डच्या पद्धतीत ३ क्रमांकाची गोल पटाशी जवळजवळ सपाट असते आणि ९ क्रमांकाची अर्धवर्तुळाकार. स्विस हत्यारांचे आकडे थोडे वेगळे पडतात, त्यामुळे पुस्तक कोणत्या पद्धतीने लिहिले आहे हे कळल्याशिवाय हत्यारे मागवू नयेत. शिवाय बहुतेक इंग्रजी पुस्तके लाइम किंवा बासवुड यांसारखे मऊ लाकूड गृहीत धरतात. आपल्या सागात सिलिका असते, तिने धार लवकर बोथट होते. वखारीत शिवण या मऊ लाकडाचा वाळलेला तुकडा मिळाला तर पुस्तकातले पहिले धडे त्यावर गिरवावेत.

नौपाडाकर: आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. हॅस्लक तूर्त बाजूला ठेवतो. धार लावण्याचे प्रकरण सविस्तर असलेली दोन नवी पुस्तके पाहून ठेवली आहेत. त्यांतील पटाशांचे आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत ते तपासून रविवारी इथेच लिहितो.