अर्ध्या किलोच्या वजनपट्टीने गुडघा बळकट होतो का?

वडगावकर :
माझी आई ६८ वर्षांची आहे. गुडघेदुखीसाठी बेळगावातल्या एका फिजिओथेरपी केंद्रात ती दीड महिना जात होती. रोज शेक, आयएफटी (दुखणे कमी करण्यासाठी मशीनने दिला जाणारा सौम्य विद्युतप्रवाह), आणि शेवटी घोट्याला अर्ध्या किलोची वजनपट्टी बांधून पाय दहा वेळा वर. पहिल्या दिवशी अर्धा किलो होता, शेवटच्या दिवशीही अर्धाच. हीच बाई घरी भरलेली कळशी उचलते, हे तिला तिथे कोणी विचारलेच नाही. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांच्या उपचारांतून वजन टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत मांडली आणि ती फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात आजही शिकवली जाते. तरीही रुग्णासमोर वजन वाढवताना फिजिओचा हात आखडतो, तो अज्ञानापेक्षा भीतीने, असे माझे मत आहे.

खानापूर रोडचा फिजिओ :
आपला राग समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही. जांबोटीकडून येणारी आजी आठवड्यातून एकदाच येऊ शकते. वजन वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर ती पुन्हा फिरकतच नाही. शेक न देता नुसते उठबस करून घेतले, तर ‘मशीन लावलेच नाही, मग पैसे कशाचे?’ असे घरचेच विचारतात. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन उचलले हे खरे, परंतु आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

निपाणीची वाचक :
सर, अडचणी खऱ्या आहेत. मात्र त्या वजन कमी ठेवण्याचे कारण ठरतात, मुळीच न वाढवण्याचे नाही. १९९० मध्ये अमेरिकेतील वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम दिला, तेव्हा मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आमच्याकडचा वस्तादसुद्धा पोराला पहिल्याच दिवशी शंभर बैठका सांगत नाही, पण महिन्यानेही दहावरच ठेवत नाही.

खानापूर रोडचा फिजिओ :
वस्तादाच्या पोराला संधिवात नसतो, ताई. तरी एक कबूल करतो : किती वजन, किती वेळा, पुढच्या आठवड्यात किती, हे मी कागदावर लिहून देत नाही.

वडगावकर :
आम्हाला तेवढाच कागद हवा होता. सध्या आई छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून खुर्चीवरून उठबस करते. दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले, तर पिशवीतले तांदूळ कमी करतो.