दृष्टिबाधित ज्युदोत ६/६० दृष्टीचा मुलगा का बसत नाही?

दादरचा प्रशिक्षक

नमस्कार. आमच्या वर्गात दोन दृष्टिबाधित मुले ज्युदो शिकतात. एकाला अजिबात दिसत नाही. दुसऱ्याची दृष्टी चष्मा लावूनही ६/६० आहे (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते त्याला ६ मीटरवरून दिसते) आणि त्याच्याकडे ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे. निवडीची चौकशी केली तेव्हा हा दुसरा मुलगा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बसणार नाही, असे कळले. पूर्वी बी१ (पूर्ण अंध), बी२ आणि बी३ (थोडे दिसणारे) असे तिन्ही गट वजनानुसार एकत्रच खेळत आणि एवढी दृष्टी असलेला बी३ मध्ये येत असे. सरकार ज्याला दिव्यांग मानते त्याला खेळाने नाकारावे, हे त्याच्या आईला कसे सांगावे? आणि हा निकष खरोखर न्याय्य आहे का?

दृष्टितपासनीस, परळ

सर, प्रमाणपत्र आणि खेळाचे वर्गीकरण यांचे हेतूच निराळे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंतची दृष्टी अल्पदृष्टी धरली जाते, कारण तिथे प्रश्न शिक्षणाचा, नोकरीचा आणि लोकलच्या डब्यात चढण्याचा असतो. ज्युदोत प्रश्न एवढाच असतो की, कमी दिसण्याने लढतीवर परिणाम होतो का. १ जानेवारी २०२२ पासून दोनच वर्ग आहेत: लॉगमार (दृष्टीची तीक्ष्णता मोजण्याचे माप) १.३ ते २.५ म्हणजे जे२ आणि त्याहून खराब म्हणजे जे१. (लॉगमारचा आकडा वाढला की दृष्टी कमी, पालक इथे हमखास गोंधळतात.) १.३ म्हणजे साधारण ३/६०. तुमचा मुलगा १.० वर आहे.

मात्र त्याचे दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून एकाच वेळी दिसणारा परिसर, तपासले आहे का? त्याचा व्यास ६० अंश किंवा त्याहून कमी असेल तर तीक्ष्णता बरी असूनही जे२ मिळू शकते. कायद्याची मर्यादा ४० अंशांखालची आहे, म्हणजे या एका बाबतीत खेळच अधिक उदार आहे. शिवाय आता मोजणी दोन्ही डोळे उघडे ठेवून होते. फारच कमी दिसणाऱ्यांना भिंतीवरचा तक्ता निरुपयोगी, म्हणून त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर मोठा ‘ई’ धरतात आणि त्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगायला लावतात. मुद्दाम चुकीचे सांगून निभावत नाही, कारण उत्तरांचा ताळा निदानाच्या कागदपत्रांशी घातला जातो.

जुना ज्युदोपटू, डोंबिवली

मी स्वतः पूर्ण अंध आहे, म्हणून जरा पक्षपाती वाटेन. आपल्या लढतीत दोघांनी पकड घेतल्यावरच ‘हाजिमे’ (सुरू करा) होते आणि संपर्क सुटला की पंच ‘मात्ते’ (थांबा) म्हणून पुन्हा मध्यभागी आणतात, त्यामुळे दिसण्याने फारसा फरक पडत नाही असे डोळस लोक समजतात. पण एक हात सुटला आणि तो नव्याने बाहीवर घ्यायचा असला की, त्या निमिषात किंचित दिसणाऱ्यालाही माझा हात कुठून येतो ते कळते. मला तो छातीला लागल्यावर कळतो. म्हणून जे१ वेगळा झाला हे योग्यच झाले. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली कपिल परमारने ६० किलोखालील जे१ गटात कांस्य मिळवले, ते पॅरालिम्पिक ज्युदोतले भारताचे पहिले पदक. जुन्या पद्धतीत त्याला थोडे दिसणाऱ्यांशीही झुंजावे लागले असते.

याची किंमत मात्र वजनगटांनी मोजली. टोकियोत पुरुषांचे सात वजनगट होते, पॅरिसला प्रत्येक वर्गात चारच: ६०, ७३, ९० आणि ९० च्या वर. ६६ किलोच्या माणसाने तेव्हा काय करायचे? दृष्टीतली विषमता कमी करताना वजनातली वाढवली, यावर फारसे कोणी बोलत नाही.

गोलबॉल या दृष्टिबाधितांच्या चेंडूच्या खेळाप्रमाणे सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, असेही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. ज्याचा तोल थोड्याशा दृष्टीच्या आधाराने घडला आहे, त्याचा आधार ऐन लढतीत काढून घेणे हाही अन्यायच.

दादरचा प्रशिक्षक

ताई आणि दादा, दोघांचेही आभार. दृष्टिक्षेत्राची तपासणी कधीच झालेली नाही, ती याच आठवड्यात करून घेतो. तीतही तो बसला नाही, तर त्याला डोळस मुलांच्या जिल्हा स्पर्धेत उतरवीन. ६/६० वर पकडीचा ज्युदो उत्तम जमतो, हे मी रोज पाहतो. अजिबात न दिसणाऱ्या मुलाचे वजन नेमके ६६ आहे. वाढत्या वयात वजन उतरवायला लावणे मला मान्य नाही, त्यामुळे त्याची तयारी वरच्या वजनगटासाठीच करून घेणार आहे.